बिअर महोत्सव

बिअर महोत्सव म्हणजे विविध प्रकारची बिअर चाखणे, तिची विक्री करणे आणि त्यानिमित्ताने खाद्यपदार्थ, संगीत व खेळ यांचा आनंद घेणे यांसाठी ठरावीक काळात भरणारा सार्वजनिक मेळावा होय. बिअर हे प्रामुख्याने जवाच्या माल्टपासून, हॉप या वनस्पतीची फुले व यीस्ट वापरून आंबवलेले पेय आहे. मद्यपान खासगी न ठेवता त्याला सार्वजनिक जागा, वेळ आणि नियम यांची चौकट देणे, हे या महोत्सवांचे वैशिष्ट्य मानले जाते.

== इतिहास ==
शीतकरणाची साधने नसताना उन्हाळ्यात बिअर बिघडत असे. म्हणून बव्हेरियात १५५३ च्या आदेशान्वये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास मनाई होती. मार्चमध्ये बनवलेली बिअर थंड तळघरांत साठवून उन्हाळाभर वापरली जाई. शरद ऋतूत नवे उत्पादन सुरू होण्यापूर्वी जुनी पिंपे रिकामी करावी लागत.

म्यूनिखचा ऑक्टोबरफेस्ट मात्र बिअरसाठी सुरू झाला नव्हता. १२ ऑक्टोबर १८१० रोजी युवराज लुडविग व राजकन्या थेरेसा यांचा विवाह झाला. त्यानिमित्त घोड्यांची शर्यत झाली आणि पुढील वर्षी तिला कृषी प्रदर्शनाची जोड मिळाली. बिअरचे महत्त्व नंतर वाढत गेले. हवामान अनुकूल असावे म्हणून हा उत्सव आता सप्टेंबरमध्येच सुरू होतो. १८५४ व १८७३ मध्ये पटकीच्या साथीमुळे, तर २०२० व २०२१ मध्ये कोविडमुळे तो रद्द झाला.

== स्वरूप ==
ऑक्टोबरफेस्टमध्ये लांब बाकांवर अनोळखी माणसे शेजारी बसतात आणि एक लिटरच्या पेल्यातून बिअर पितात. ब्रिटनमधील महोत्सवांची परंपरा वेगळी आहे. पारंपरिक बिअर टिकावी म्हणून १९७१ मध्ये स्थापन झालेली 'कॅम्रा' ही ग्राहक संघटना १९७७ पासून 'ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल' भरवू लागली. तेथे पाइंटच्या एक तृतीयांश मापातही बिअर मिळते. त्यामुळे अधिक न पिता अनेक प्रकारांची चव घेता येते. पहिल्या परंपरेत सहवासाला, तर दुसऱ्या परंपरेत चवीला प्राधान्य आहे.

== भारतातील परंपरा ==
भारतात धान्य आंबवून केलेली पेये जुनी आहेत. झारखंडमधील हंडिया, अरुणाचल प्रदेशातील अपाँग व नागालँडमधील झुथो ही तांदळाची पेये सण, विवाह आणि पाहुणचार यांच्याशी जोडलेली आहेत. ती प्रामुख्याने घरोघरी बनवली जातात.

== महाराष्ट्रातील स्थिती ==
महाराष्ट्रात मद्यविषयक व्यवहार १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार चालतात. कायद्याचा पाया बंदीचा असून विक्री, सेवन व समारंभ यांसाठी परवाना लागतो. बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. २ ऑक्टोबर हा गांधी जयंतीचा दिवस मद्यविक्रीस बंद असतो. ऑक्टोबरफेस्टच्या धर्तीवर त्याच सुमारास होणाऱ्या कार्यक्रमांना हा दिवस वगळावा लागतो.

पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यानंतर ताज्या, स्थानिक बिअरची आवड शहरी वर्गात वाढली. नाशिकमध्ये २००८ पासून सुरू झालेला 'सुलाफेस्ट' हा द्राक्ष मद्याचा महोत्सव संगीत व पर्यटन यांच्याशी जोडला गेला.

याच राज्यात मद्याविषयीचा दुसरा सार्वजनिक निर्णय मतपेटीतून होतो. गावातील किंवा प्रभागातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांना मतदानाची मागणी करता येते. मतपत्रिकेवर 'उभी बाटली' व 'आडवी बाटली' अशी चिन्हे असतात. आडव्या बाटलीला आवश्यक बहुमत मिळाल्यास दुकान बंद होते. विदर्भातील वर्धा जिल्ह्यात आणि १९९३ पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली.

== मतमतांतरे ==
समर्थकांच्या मते महोत्सवांमुळे स्थानिक उत्पादक व पर्यटन यांना चालना मिळते आणि खाण्यासोबत, बेताने पिण्याची सवय लागते. विरोधकांच्या मते अशा कार्यक्रमांमुळे मद्यपानास प्रतिष्ठा मिळते व तरुण त्याकडे ओढले जातात. ते राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मधील मद्यबंदीविषयक मार्गदर्शक तत्त्वाचा आधार घेतात. व्यसनाची झळ कुटुंबाला, विशेषतः स्त्रिया व मुलांना बसते, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. महोत्सव काही दिवसांत संपतो. गावातील दुकान मात्र वर्षभर उघडे असते. त्यामुळे एखाद्या समाजाची मद्यसंस्कृती समजून घेताना या दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो.