‘बाल्डर्स गेट’ आज विकत घ्यावा का?

२०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ने अनेक नव्या खेळाडूंना रोल-प्लेइंग गेमचं वेड लावलं. तो संपला की साहजिकच पहिल्या भागाकडे लक्ष जातं. तो आला होता डिसेंबर १९९८ मध्ये. आज ऑनलाइन स्टोअरवर मिळते ती त्याची २०१२ ची सुधारित आवृत्ती, ‘एन्हान्स्ड एडिशन’. एवढ्या जुन्या गेमवर पैसे खर्च करावेत का? करावेत, असं माझं मत आहे. मात्र तो कुणासाठी आहे, हे आधी समजून घ्यायला हवं.

कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीने तो घडवला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळाची नियमावली त्यांनी संगणकावर आणली. तुमचा नायक कँडलकीप या तटबंदीतल्या ग्रंथालयात वाढलेला अनाथ. सांभाळ करणारा गोरिऑन मारला जातो आणि नायक उघड्यावर येतो. त्याच वेळी त्या प्रदेशातलं लोखंड ठिसूळ होत चाललेलं असतं. ही बातमी नुसती पात्रांच्या तोंडून कळत नाही. ऐन लढाईत तुमच्याच हातातली तलवार मोडते. नॅशकेलच्या खाणीत काय बिघडलंय, हे शोधायची निकड तिथून लागते. नियम आणि कथा इतके एकजीव झालेले गेम आजही फार नाहीत.

नवी आवृत्ती बीमडॉग कंपनीची. तिचे सहसंस्थापक ट्रेंट ऑस्टर हे बायोवेअरच्याही संस्थापकांपैकी एक. रुंद पडद्यावर नीट चालणारं चित्र, झूमची सोय, दुसऱ्या भागातून आणलेले पात्रांचे जादा प्रकार, तीन नवे साथीदार आणि १९९९ चा ‘टेल्स ऑफ द स्वोर्ड कोस्ट’ हा जोडभाग, एवढं एकाच खरेदीत मिळतं. चित्रं मात्र जुनीच आहेत. मूळ त्रिमितीय फायली हरवल्यामुळे ती नव्याने काढता आली नाहीत. झूम केलं की ती धूसर दिसतात. डोळे दिपवणारी दृश्यं हवी असतील, तर पैसे वाचवा.

दुसरी अडचण नियमांची. पहिल्या पातळीवरच्या जादूगाराकडे जेमतेम चार जीवगुण. एखादा बाणही त्याला पुरतो. चिलखताचा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, हे उलटं गणितही अंगवळणी पडायला वेळ लागतो. उपाय सोपे आहेत. वारंवार सेव्ह करा. स्पेसबार दाबला की लढाई थांबते. तेव्हा नायकासह सहाही जणांना शांतपणे हुकूम द्या. तरीही जड गेलं, तर ‘स्टोरी मोड’ निवडा. त्यात पात्रं मरत नाहीत आणि गोष्ट पुढे सरकत राहते.

नकाशावर पुढे कुठे जायचं, हे दाखवणारा बाण इथे नाही. जंगलाचा एकेक तुकडा पायाखाली घालावा लागतो, लोकांशी बोलावं लागतं, इंग्रजी मजकूर भरपूर वाचावा लागतो. ज्यांना याचा कंटाळा येतो त्यांना हा गेम रखडल्यासारखा वाटेल. ज्यांना स्वतः वाट शोधायला आवडते त्यांना एवढ्या पैशांत इतके तास रमवणारं दुसरं काही सहज सापडणार नाही.

शक्यतो संगणकावर घ्या. माऊसने हुकूम देणं सोपं जातं. टॅबलेटवरही तो छान चालतो, फोनवर मात्र अक्षरं बारीक पडतात. सेलमध्ये किंमत बरीच उतरते, तेव्हा घाई नको. ‘सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर’ हा २०१६ चा जोडभाग वेगळा विकला जातो. तो आत्ताच घेऊ नका. आधी नॅशकेलची खाण पार करा. तिथपर्यंत मन रमलं, तर दुसरा भागही घ्या. तुम्ही घडवलेलं पात्र त्यात नेता येतं आणि पहिल्या भागात सोसलेल्या प्रत्येक हाणामारीचं तिथे चीज होतं.