मोटारीतील गारवा

मे महिन्यातील भर दुपार. चौकात उन्हामध्ये उभी करून ठेवलेली मोटार तासाभराने उघडली, तर भट्टीचे दार उघडावे तशी झळ अंगावर येते. बैठकीला हात लावावा तर चटका बसतो. बाहेरचे तपमान ४० अंश सेल्सिअस असले, तरी बंद मोटारीतील तपमान ५५ अंशांच्याही पुढे गेलेले असते. असे का व्हावे?

सूर्यप्रकाश काचेतून सहज आत शिरतो आणि आतील वस्तू तापवितो. या तापलेल्या वस्तूंतून जी उष्णता बाहेर पडू पाहते, तिला मात्र काच तशी वाट देत नाही. शिवाय दारे बंद असल्यामुळे तापलेली हवाही निसटू शकत नाही. आत आलेली उष्णता अशी साठत जाते. आणि तपमानाची बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. अशा मोटारीत बसून प्रवास करणे आज सुखाचे झाले आहे, ते वातानुकूलन यंत्रणेमुळे.

माठातील पाणी गार का होते, हे तुम्हांस ठाऊक आहे. माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते व त्यासाठी लागणारी उष्णता ते माठातूनच घेते. मोटारीतही हेच तत्त्व योजिलेले आहे. फरक एवढाच, की तेथे पाण्याऐवजी निराळे द्रव्य वापरतात. त्यास शीतक म्हणतात. आपल्याकडील पुष्कळ मोटारींत 'आर-१३४ए' नावाचे शीतक असते. पाणी उकळावयास १०० अंश तपमान लागते. हे शीतक उणे २६ अंशांवरच उकळू लागते!

चालकासमोरील फळीच्या मागे नळ्यांचे एक जाळे असते. त्यात शीतकाचा वायू होतो व भोवतालच्या हवेतील उष्णता शोषली जाते. एक पंखा ती गार झालेली हवा आपल्याकडे ढकलतो. पुढे हा वायू कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे दाबयंत्रात, जातो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप कसा तापतो, ते आठवा. तसाच हा वायूही दाबला गेला की तापतो. मग तो मोटारीच्या तोंडाशी असलेल्या दुसऱ्या जाळीत येतो, बाहेरच्या वाऱ्याला आपली उष्णता देऊन टाकतो व पुन्हा द्रव होतो. एका बारीक छिद्रातून जाताना त्याचा दाब उतरतो, आणि थंड होऊन तो पहिल्या जाळ्याकडे परततो. हे चक्र सतत चालू राहते. पहिल्या जाळ्यावर हवेतील बाष्पाचे थेंबही जमतात व एका नळीवाटे खाली गळतात. उभ्या मोटारीखाली स्वच्छ पाणी ठिबकताना दिसते, ते हेच.

तेव्हा हे यंत्र आतील उष्णता उचलते आणि बाहेर नेऊन टाकते. एवढे ध्यानात आले, की ते कसे वापरावे हे निराळे सांगावयास नको. मोटार तापलेली असेल तर काचा लावून लगेच यंत्र सुरू करण्यात शहाणपण नाही. ५५ अंशांची हवा गार करण्यापेक्षा तिला हाकलून ४० अंशांची हवा आत घेणे केव्हाही सोपे. म्हणून प्रथम दारे उघडावीत, काचा उतरवून थोडे अंतर जावे व मग काचा लावाव्यात. मोटार मुळात सावलीत उभी केली, पुढच्या काचेआड पुठ्ठा लावला, तर अर्धे काम यंत्राशिवायच होते.

आत गारवा येऊ लागला, की बाहेरची हवा घेण्याचा मार्ग बंद करून आतीलच हवा फिरती ठेवावी. एकदा गार झालेली हवा पुन्हा गार करण्यास श्रम थोडे पडतात. मात्र येथे एक सावधगिरी हवी. आतील माणसांच्या श्वासामुळे त्याच त्या हवेत कर्बद्विप्राणिद वायू वाढत जातो. डोके जड होते, झापड येते. आणि चालकाला झापड येणे किती घातक, हे सांगणे नको. यास्तव दूरच्या प्रवासात मधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. पावसाळ्यात तर ती घ्यावीच. आपल्या श्वासातील बाष्प थंड काचेवर जमून धुके धरते व रस्ता दिसेनासा होतो. यंत्रातून आलेली हवा कोरडी असते. तिचा झोत काचेवर सोडला, की थोड्याच वेळात काच स्वच्छ होते.

काही लोक बसल्याबरोबर तपमान १६ अंशांवर नेऊन ठेवतात. त्याने मोटार लवकर गार होते, हा निव्वळ भ्रम होय. आत फार तापलेले असताना यंत्र तसेही पूर्ण शक्तीने चालत असते. २४ किंवा २५ अंश पुरेसे असतात. दाबयंत्र इंजिनाच्या पट्ट्याने फिरते, म्हणजे गारव्यासाठीही इंधन जळते; विजेच्या मोटारीत तो भार बॅटरीवर पडतो. मग काचा उघड्या ठेवणेच काटकसरीचे नाही काय? गावातून सावकाश जाताना ते खरे आहे. पण वेगाने जाताना उघड्या काचांतून शिरणारा वारा मोटारीस मागे रेटतो व त्यामुळेही इंधन अधिक लागते.

आता एक गोष्ट तुमच्यासाठी म्हणून सांगावयाची. यंत्र बंद झालेल्या मोटारीत गारवा फार वेळ टिकत नाही. काच बोटभर उघडी ठेवल्यानेही विशेष फरक पडत नाही. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते, आणि बंद मोटारीत अडकलेल्या मुलांचे प्राण गेल्याचे प्रसंग अनेक देशांत घडले आहेत. तेव्हा उभ्या मोटारीत लपंडाव खेळू नये व धाकट्या भावंडास तेथे क्षणभरही एकटे ठेवू नये. चुकून कोणी अडकलेच, तर मागील दारे कधी कधी आतून उघडत नाहीत. म्हणून पुढच्या बैठकीवर जावे, चालकाचे दार उघडून पाहावे व भोंगा वाजवीत राहावे. बहुतेक मोटारींत इंजिन बंद असतानाही भोंगा वाजतो. बंदिस्त गाड्याखान्यात इंजिन चालू ठेवून गारव्यात बसणे हेही तितकेच घातक आहे, कारण इंजिनाच्या धुरातील विषारी वायूस वास नसतो.

मोटारीस ही यंत्रणा कारखान्यातच बसवून देण्याचा मान अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीकडे जातो. तिच्या १९४० सालच्या मोटारींत ती सोय होती. यंत्राने सामानाची बरीच जागा अडविली होती; आणि गंमत अशी, की ते बंद करावयाचे झाल्यास चालकाला मोटार थांबवून, इंजिनावरचे झाकण उघडून, पट्टा काढावा लागे! पुढे १९५४ साली नॅश कंपनीने सर्व यंत्रणा मोटारीच्या पुढील भागात आटोपशीर बसविली.

त्या काळचे शीतक आकाशातील ओझोनच्या थराला हानी पोहोचविते, असे पुढे आढळले. १९८७ साली मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला व त्याचा वापर हळूहळू थांबविला. त्याच्या जागी आलेले आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. पण हवेत मिसळल्यास कर्बद्विप्राणिदाच्या सुमारे १४०० पट पृथ्वी तापविते. म्हणून गारवा कमी झाला, की नुसते शीतक भरून घेणे बरोबर नव्हे. गळती कोठे आहे ती शोधून आधी बुजवावी लागते.

नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि त्या उन्हातही मालमोटारींचे चालक दिवसभर इंजिनाच्या धगीशेजारी बसून असतात. त्यांच्या वाट्याला हा गारवा फार उशिरा आला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन असलेच पाहिजे, असा नियम भारत सरकारने केला आहे.