रिपोर्ट नॉर्मल, तरी बाई आजारी

देवळाली प्रवरा येथून एका वाचक भगिनीने विचारलं आहे : सासूबाईंना वर्षभर थकवा आहे, कंबर धरते, छातीत धडधडतं, रात्री झोप नाही. रक्त, लघवी, थायरॉईड, ईसीजी, सोनोग्राफी, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल आले. शेवटी डॉक्टर म्हणाले, 'काही नाही, मनाचं आहे.' तेव्हापासून घरात त्यांचं दुखणं कुणी मनावर घेत नाही. मनाचं दुखणं शरीरात खरोखर उतरतं का?

उतरतं, आणि ते मिलिमीटरमध्ये मोजता येतं.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातला आहे. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर या मानसशास्त्रज्ञ, त्यांचे पती रोनाल्ड ग्लेझर विषाणूशास्त्रज्ञ. ताणाचा जखमेवर काय परिणाम होतो, हे या जोडप्याला पाहायचं होतं. त्यांनी घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्या 13 स्त्रिया निवडल्या आणि त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या, पण अंगावर तशी सेवा नसलेल्या 13. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची, अगदी सारखी जखम केली आणि ती भरेपर्यंत वाट पाहिली. सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या जखमा भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. हा निबंध 1995 साली 'लॅन्सेट'मध्ये आला.

पुढचा प्रयोग तर फारच देखणा. 1998 साली याच गटाने दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर तशीच जखम केली. एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना. माणूस तोच, तोंड तेच, जखम तेवढीच. परीक्षेच्या दिवसांत ती भरायला सरासरी 40 टक्के जास्त वेळ लागला, आणि अकराही जणांत एकाचीही जखम तेव्हा सुट्टीतल्याइतक्या लवकर भरली नाही. विशीतली धडधाकट मुलं, ताण फक्त परीक्षेचा! मग कर्जाचा, दारुड्या नवऱ्याचा, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा ताण काय करत असेल?

हे होतं कसं, ते प्रवरेच्या कालव्याखाली शेती करणाऱ्याला लवकर कळेल. संकट दिसलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो. रक्तात कॉर्टिसॉल येतं, साखर वाढते, शरीर पळायला किंवा झगडायला तयार होतं. हे कालव्याच्या आवर्तनासारखं आहे. पाणी वेळेवर आलं, पिकाला मिळालं आणि बंद झालं, तर ऊस तरारतो. तेच पाणी शिवारात साचून राहिलं की काय होतं, हे आपल्या पट्ट्याने पाहिलं आहे : पाण्याची पातळी वर येते, क्षार पृष्ठभागावर येतात, चांगली काळी जमीन चोपण होते. कॉर्टिसॉल महिनोन्‌महिने चढं राहिलं की शरीराची अशीच नासाडी सुरू होते. साखर आवरत नाही, रक्तदाब उतरत नाही आणि जखमेकडे दुरुस्तीची कुमक बोलावणारे इंटरल्युकिनसारखे रेणू कमी तयार होतात. ओहायोच्या प्रयोगांत या रेणूंची घट प्रत्यक्ष मोजली गेली.

दुसरी वाट साधी आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. मन खचलेला माणूस गोळी चुकवतो, जेवणाची वेळ टाळतो, मिश्री-तंबाखू वाढवतो, चालणं सोडतो. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. नैराश्यामुळे साखर बिघडते, बिघडलेल्या साखरेमुळे नैराश्य वाढतं.

आता आपल्याजवळच्या अभ्यासाकडे येऊ, कारण सासूबाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. गोव्यात 1996 साली 'संगाथ' ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या थकव्याची तक्रार सुमारे 12 टक्के स्त्रियांनी केली. आपल्याकडे बाई थकली म्हटलं की पहिला संशय रक्तावर. तो रास्तच आहे, म्हणून सर्वांचं हिमोग्लोबिनही तपासलं. निष्कर्ष 2005 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले : थकवा आणि हिमोग्लोबिन यांचा संबंध आढळलाच नाही. संबंध आढळला तो नैराश्य आणि चिंतेशी, डोक्यावरच्या कर्जाशी, गेल्या तीन महिन्यांत उपाशी राहावं लागण्याशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी. याच पाहणीत अंगावरून पांढरं जाण्याची तक्रारही अभ्यासली. तिथेही तक्रार आणि तपासणीत सापडलेला जंतुसंसर्ग यांचा मेळ फारसा बसला नाही. मनावरच्या ताणाशी मात्र बसला.

एकदाच केलेल्या पाहणीतून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरत नाही, हे ध्यानात ठेवावं. तरीही त्या यादीत कर्ज, भूक आणि जबरदस्ती आहे. तिला 'मनाचे खेळ' कसं म्हणणार?

दुसऱ्या बाजूला डॉ. राणी बंग यांचं काम आहे, आणि ते विसरून हा विषय मांडणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांत एक तरी स्त्रीरोग निघाला. याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभरातल्या आरोग्यतज्ज्ञांचे डोळे उघडले. म्हणजे न तपासता 'मनाचं आहे' म्हणणं हा अपराध आहे, आणि तपासून काही सापडलं नाही म्हणून 'काही नाही' म्हणणं हाही अपराधच.

या दोन्ही चुका एकत्र झाल्या की काय होतं, ते ऊसपट्ट्याला ठाऊक आहे. हंगामात बीड आणि पाथर्डीकडून टोळ्या येतात. मुकादमाची उचल फेडायची असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. कोपीवर राहणं, शौचालय नाही, पहाटेपासून तोडणी आणि डोक्यावर मोळ्या. कंबर दुखते, अंगावरून जातं, जीव घाबरतो. बीड जिल्ह्यात यावर किती ठिकाणी थेट गर्भाशय काढण्याचा इलाज झाला, हे 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीपुढे आलं : पाहणी झालेल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यातल्या काही शस्त्रक्रिया गरजेच्या असतील. पण उचल, उपासमार आणि धास्ती यांनी आलेलं दुखणं पोटातला अवयव काढून जात नाही. शस्त्रक्रियेचं बिल नव्या उचलीत जमा होतं.

इतकं सांगितल्यावर एक धोक्याची सूचना. 'सकारात्मक विचारांनी कर्करोग बरा होतो' असं सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर रोज फिरतात. याला आधार नाही. डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या 1,093 रुग्णांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. मनाची उभारी आणि रुग्ण किती काळ जगला, यांचा त्यात काहीही संबंध आढळला नाही. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण गावोगावी आहेत. केमोथेरपीने गळून गेलेल्या माणसाला 'तू मनाने खचलास म्हणून आजार वाढला' असं ऐकवणं क्रूर आहे आणि खोटंही. पोटातल्या अल्सरचं असंच झालं. वर्षानुवर्षं डॉक्टर ताणाला दोष देत होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू पुढे आणला, 2005 साली त्यांना नोबेल मिळालं, आणि लाखो लोक प्रतिजैविकांनी बरे झाले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्यावर उपचार केले तर मृत्यू कमी होतील, ही आशाही 2003 सालच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत फळली नाही. रुग्णांचं नैराश्य थोडं हटलं, मृत्यूंचं प्रमाण तेवढंच राहिलं. माझ्या मते नैराश्य हटणं हेच पुरेसं फळ आहे. त्याला हृदयाच्या कुबड्या कशाला?

उलट्या दिशेचा प्रवासही विसरू नये. ब-12 जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉईड मंदावलं की माणूस उदास होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला पुणे परिसरातल्या सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत ब-12 कमी आढळलं होतं. शाकाहारी घरात ही तपासणी आधी करावी.

उपचाराची बातमी मात्र खरोखर आनंदाची आहे, आणि तिचं श्रेय ज्यांना मिळायला हवं त्यांना मिळालेलं नाही. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 नैराश्यग्रस्तांवर एक चाचणी झाली. समुपदेशन करणाऱ्यांकडे मानसशास्त्राची कोणतीही पदवी नव्हती. ती त्याच भागातली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका. त्यांत उपदेश नव्हता. आज अंगण झाडायचं, उद्या बहिणीकडे जाऊन यायचं, अडचण कुणाला सांगायची, अशी लहान लहान कामं रुग्णाबरोबर बसून ठरवायची. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्याच देखभालीच्या गटात 39 टक्के. चर्चा होते ती संशोधकांची. घरोघरी जाऊन ऐकून घेणारी ही माणसं कुणाला ठाऊक नाहीत. प्रत्येक आरोग्य केंद्रात अशी दोन माणसं नेमायला फार खर्च येणार नाही. आपल्या आशाताईंना हे प्रशिक्षण आणि त्याचं वेगळं मानधन मिळालं पाहिजे.

आमच्या वाचक भगिनीला एवढंच सांगेन. सासूबाईंचे रिपोर्ट नॉर्मल आले ही चांगली गोष्ट आहे, पण त्यांचं दुखणं खरं आहे. ब-12 तपासलं नसेल तर तपासा. मग राहुरीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना कुठे आणि कधी भेटता येईल, याची चौकशी करा. तोवर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करता येतो. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.