मुनवा केव्हा राखायचा?

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात संध्याकाळी यंत्रमागांचा खडखडाट चालू असतानाच पोरं टेनिसबॉल घेऊन बाहेर पडतात, आणि संघ पाडताना ठरलेला वाद होतो. काकाला घ्यायचं का छोटूला? काका म्हणजे चाळिशी ओलांडलेला कुणीतरी. दोन धावा पळताना त्याला धाप लागते, पण शेवटचं षटक त्याच्या हातात दिलं की सगळे निश्चिंत असतात. छोटू म्हणजे चौदा वर्षांचा पोरगा. वाऱ्यासारखा धावतो आणि एखादा सोपा झेल सोडून रडवेला होतो. बहुतेक वेळा काका खेळतो आणि छोटू चेंडू आणायला गटारापर्यंत पळतो.

हाच वाद आयपीएलच्या लिलावात कोट्यवधी रुपये समोर ठेवून होतो आणि अमेरिकेच्या बेसबॉल क्लबांत अब्जावधी डॉलर समोर ठेवून. मुरलेले किती ठेवायचे, होतकरू किती घ्यायचे, हा प्रश्न बाहेरून बेरीज-वजाबाकीचा वाटतो. माझं मत वेगळं आहे. हा आकड्यांचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातल्या केळी लावणाऱ्याला तो लगेच कळेल.

केळीचं झाड वाढत असतं तेव्हा बुंध्याशी मुनवे फुटतात. शेतकरी ते पुन्हा पुन्हा कापतो. कापले नाहीत तर ते मूळ झाडाचं अन्न खातात आणि घड बारीक पडतो. पण बाग निसवली, केळफूल बाहेर पडलं, की तोच शेतकरी एक जोमदार मुनवा हेरून राखतो. घड कापायला येईपर्यंत तो मुनवा आईच्या सावलीत उंच झालेला असतो. मूळ झाड गेलं तरी राखलेल्या मुनव्यांची बाग, म्हणजे पीलबाग, उभी राहते. मुनवा लवकर राखला तर हाती आलेलं पीक बिघडतं, आणि राखलाच नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा लागवडीपासून सुरुवात. क्रिकेट काय आणि बेसबॉल काय, संघ बांधणाऱ्याची सगळी कसोटी या दोन चुकांच्या मधल्या जागेत लागते.

बेसबॉलवाल्यांनी तर या व्यवस्थेला शेताचंच नाव दिलं आहे. ओहायोतल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या ब्रँच रिकी यांनी 1920 च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स क्लबासाठी छोट्या गावांतले क्लब हाताशी धरले. होतकरू पोरं तिथे वाढवायची आणि तयार झाली की वर आणायची. ही ‘फार्म सिस्टिम’. तयार खेळाडू विकत घ्यायला कार्डिनल्सकडे न्यूयॉर्कवाल्यांइतका पैसा नव्हता, म्हणून त्यांनी रोपवाटिका काढली. खेळाडू वर्षभर उशिरा सोडण्यापेक्षा वर्षभर आधी सोडलेला बरा, असं रिकी यांचं धोरण होतं.

आज तिथल्या मुख्य संघात मोसमाचा बहुतेक काळ 26 खेळाडू असतात आणि त्यांच्यासह क्लबाच्या राखीव यादीत 40. मुख्य लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरल्याशिवाय खेळाडूला सहसा हवा तो क्लब निवडता येत नाही. त्यातली पहिली तीनएक वर्षं तो जवळपास किमान पगारावर खेळतो. म्हणजे बहरातली वर्षं क्लबाला स्वस्तात मिळतात, आणि मोठा करार हाती येतो तेव्हा गुडघे कुरकुरायला लागलेले असतात. क्लब पुष्कळदा गेल्या पाच वर्षांच्या खेळाचे पैसे पुढच्या पाच वर्षांत मोजतो. तरुणांकडचा ओढा निव्वळ हौशीचा नसतो, त्यामागे हा हिशेब असतो.

मग मुरलेला खेळाडू ठेवायचाच कशाला? याचं उत्तर आपल्याला लांब शोधावं लागत नाही. ते इथून 180 किलोमीटरवर इंदूरला आहे.

होळकरांचा संघ हा आपल्या मुलखातला जवळजवळ व्यावसायिक म्हणावा असा संघ. महाराज खेळाडूंना फौजेत हुद्दा देत, पगार देत आणि खेळायला मोकळं ठेवत. नागपूरला जन्मलेल्या सी. के. नायडूंना 1923 मध्ये असंच इंदूरला बोलावलं गेलं. भारताच्या पहिल्या कसोटीचे ते कर्णधार, तो मान 1932 चा. पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम त्यानंतरचं आहे. 1944-45 ते 1954-55 या काळात होळकर संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत गेला आणि चार वेळा जिंकला. त्यातला बराच काळ कर्णधार पन्नाशीपुढचा होता.

1945-46 चा मोसम बघा. इंदूरला म्हैसूरविरुद्ध होळकरांनी 8 बाद 912 धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतकं ठोकली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असं तोवर घडलं नव्हतं. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर, प्रताप सिंग ही ती सहा नावं. चंदू सरवटे तेव्हा 25 वर्षांचे, भाऊसाहेब निंबाळकर 26 चे आणि नायडू 50 चे. लगेचच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध पन्नाशीतल्या नायडूंनी 200 धावा केल्या आणि होळकर 56 धावांनी जिंकले. त्याच उन्हाळ्यात सरवटे इंग्लंडला गेले आणि ओव्हलवर सरेविरुद्ध शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या गड्यासाठी 249 धावा जोडून आले. दोन वर्षांनी निंबाळकरांनी पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद 443 केल्या. मुश्ताक अली तर शाळकरी वयातच नायडूंच्या नजरेत भरले होते. नायडू कडक होते, पण त्यांच्या सावलीत झाडं खुरटली नाहीत. ज्येष्ठाची किंमत करायची तर त्याच्या धावांबरोबर हेही मोजायला हवं.

तरीही या कथेचा शेवट मला बोचतो. संस्थान विलीन झालं, 1954-55 नंतर होळकर नावाचा संघ रणजीत राहिला नाही, आणि 1952-53 च्या विजेतेपदानंतर या भूमीला पुढचं विजेतेपद मिळायला 2022 साल उजाडलं. संघ महाराजांच्या खजिन्यावर उभा होता. गावोगावी रोपवाटिका नव्हती. निमाड-माळव्यातली किती पोरं या 69 वर्षांत गल्लीतच राहिली असतील, याचा विचार आला की वाईट वाटतं.

2022 चं यश एका मराठी माणसाच्या हातून आलं. चंद्रकांत पंडित 1998-99 मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाकडून अंतिम सामना हरले होते. त्याच मैदानावर, 26 जून 2022 ला, त्यांनी प्रशिक्षक म्हणून मुंबईला सहा गडी राखून हरवलं. आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर संघात नव्हते. शतकं केली यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी, आणि अक्षत रघुवंशी तर अवघ्या 18 वर्षांचा होता. या संघात चाळिशीचा काका नव्हता. तो सीमारेषेबाहेर, प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसला होता. ज्येष्ठाला प्रत्येक वेळी अकरातली एक जागा द्यावीच लागते असं नाही, हे पंडितांनी दाखवलं.

पण मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो विदर्भ. 1957-58 पासून रणजी खेळणारा हा संघ साठ वर्षं विजेतेपदाविना होता. रणजीत बाहेरगावचे तीनपर्यंत ‘प्रोफेशनल’ खेळाडू घेता येतात. विदर्भाने मुंबईच्या वसीम जाफरला आणलं, आणि प्रशिक्षक होते हेच पंडित. (आमचा सिंधीपुराही सिंधहून आलेल्यांनी वसवला, म्हणून बाहेरच्याला घरचा करून घेण्याची ही रीत मला परकी वाटत नाही.) 2017-18 चा अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाला. दिल्लीविरुद्ध जाफर 39 वर्षांचा असताना 78 धावा करून गेला. पण सामना फिरवला तो रजनीश गुरबानी या इंजिनिअर पोराच्या हॅटट्रिकने आणि यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या 133 धावांनी. वाडकरचं ते प्रथम श्रेणीतलं पहिलंच शतक. पुढच्या मोसमात जाफरने हजारावर धावा केल्या, आदित्य सरवटेने अंतिम सामन्यात 11 बळी घेतले आणि विदर्भाने करंडक राखला.

इथपर्यंत कुणीही पोचलं असतं. परदेशी खत घातलं की एखादं वर्ष पीक येतंच. खरी परीक्षा जाफर गेल्यावर होती. 2024 मध्ये विदर्भ मुंबईकडून अंतिम सामना हरला. मुंबईकडून 19 वर्षांच्या मुशीर खानने 136 केल्या, आणि शेवटचा बळी कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीने घेतला. पण वर्षभरात विदर्भ पुन्हा उभा राहिला. मार्च 2025 मध्ये नागपूरला केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर त्याने तिसरं विजेतेपद घेतलं. त्या सामन्यात 3 बाद 24 अशी दाणादाण झाली असताना दोघं उभे राहिले. एक 33 वर्षांचा करुण नायर, बाहेरून आलेला प्रोफेशनल. दुसरा 21 वर्षांचा दानिश मालेवार, नागपूरचा. दोघांनी 215 धावा जोडल्या. नायर 86 वर धावबाद झाला, मालेवारने 153 केल्या. समोरच्या केरळ संघात आदित्य सरवटे होता, पस्तिशीतला, आता त्यांचा प्रोफेशनल, आणि त्याने 79 धावाही केल्या. विदर्भात त्याच्या जागी डावखुरी फिरकी टाकत होता त्याच ड्रेसिंग रूममध्ये वाढलेला 22 वर्षांचा हर्ष दुबे. त्या मोसमात दुबेने 69 बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात इतके बळी आधी कुणी घेतले नव्हते.

आणि करंडक उचलणारा कर्णधार होता अक्षय वाडकर. सात वर्षांपूर्वी जाफरच्या संघात पहिलं शतक करणारा तोच पोरगा. पीलबाग म्हणतात ती ही.

उलटं उदाहरणही सांगायला हवं. 2025 च्या आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला 120 कोटींत जास्तीत जास्त 25 खेळाडू बसवायचे होते. भारताकडून पाच वर्षं न खेळलेल्याला ‘अनकॅप्ड’ धरण्याचा नियम पुन्हा आला आणि चेन्नईने महेंद्रसिंग धोनीला 4 कोटींत राखलं. पैशाच्या हिशेबात ते स्वस्तच. पण भरवशाची जुनी नावं धरून सुरू केलेला मोसम लवकरच कोसळला. चेन्नईचा कर्णधार, पुण्याचा ऋतुराज गायकवाड जखमी झाला आणि 43 वर्षांच्या धोनीकडे पुन्हा नेतृत्व आलं. तेव्हा कुठे विरारच्या 17 वर्षांच्या आयुष म्हात्रेला बोलावणं गेलं. वानखेडेवर पहिल्याच सामन्यात त्याने 15 चेंडूंत 32 धावा केल्या आणि पुढे बंगळूरविरुद्ध 94. तोवर उशीर झाला होता. चेन्नई प्रथमच गुणतक्त्यात तळाला राहिली. धोनीचं मोठेपण यात कमी होत नाही. चूक मुनवा उशिरा राखणाऱ्यांची होती.

यावर्षी आमच्या भागात टेनिसबॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रत्येक संघात सोळाच्या आतली दोन पोरं सक्तीची करा. नुसती यादीत नकोत. त्यातल्या एकाला पहिल्या चारांत फलंदाजी द्या आणि दुसऱ्याला किमान दोन षटकं टाकू द्या. काकांनाही घ्या, पण त्यांना मिडऑफला उभं करा, म्हणजे छोटू गोलंदाजीला येईल तेव्हा दर चेंडूनंतर त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील.