नायगावहून नांदेड : एक दिवसाची भटकंती

नायगावकरांनो, सुट्टीत लांब कशाला? देगलूर-नांदेड रस्त्याने सकाळची एसटी धरा आणि आधी सचखंड हुजूर साहिब गाठा. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथेच देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 दरम्यान हे गुरुद्वारा बांधवलं. डोकं झाकायला रुमाल सोबत असू द्या. जेवण लंगरमध्येच करा. पंगतीत सगळे सारखे, डाळ-रोटी पोटभर आणि मोफत. माझ्या मते शहरातलं सर्वात समाधानाचं जेवण हेच.

बाहेरच्या दुकानांत स्टीलची कडी मिळतात, लेकरांना फार आवडतात. कपडे घ्यायचे तर वजिराबाद. ऊन उतरलं की गोदावरीकाठचा नंदगिरी किल्ला बघा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र बसस्थानकावर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा.