कोपऱ्यासकट शहर गाण्यात येतं तेव्हा

‘कुठे भेटायचं?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक शहरात ठरलेलं असतं. आपल्याकडे कुणी अशोक स्तंभ म्हणेल, कुणी सीबीएस. इंग्लंडमधल्या शेफील्डला एकेकाळी ते उत्तर होतं कोल्स कॉर्नर. कोल ब्रदर्स नावाचं मोठं दुकान होतं, त्याच्या कोपऱ्यावर पोरं-पोरी एकमेकांची वाट बघत उभी राहायची. 1963 मध्ये दुकान दुसरीकडे हललं, पुढे इमारतही पाडली. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं.

2005 मध्ये त्याच शहरात जन्मलेल्या रिचर्ड हॉलीनं आपल्या अल्बमला हेच नाव दिलं. हॉली आधी लाँगपिग्जमध्ये गिटार वाजवायचा, मग पल्पबरोबर. टायटल साँगमध्ये एक एकटा माणूस रात्री शहरात निघतो, कुणीतरी भेटेल या आशेवर. बस, एवढंच. पण ‘आमचं शेफील्ड किती भारी’ असं एकदाही न म्हणता त्या कोपऱ्यावरचा दिवा डोळ्यांसमोर उभा राहतो. या अल्बमला 2006 मध्ये मर्क्युरी प्राइझचं नामांकन मिळालं. बक्षीस नेलं आर्क्टिक मंकीजनी, म्हणजे शेफील्डच्याच पोरांनी! आणि स्टेजवर जाऊन तेच म्हणाले की हॉलीला लुटलं. घरचाच मामला.

हॉली तिथे थांबला नाही. आधीचा ‘लोएजेस’ हा शेफील्डचा एक भाग. 2007 चा ‘लेडीज ब्रिज’ हा डॉन नदीवरचा जुना पूल. अल्बम ऑगस्टमध्ये आला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये डॉनला मोठा पूर येऊन गेला होता. 2009 चा ‘ट्रूलव्हज गटर’ हे तर एका रस्त्याचं विसरलं गेलेलं नाव. आज तिथे कॅसल स्ट्रीटची पाटी आहे. अल्बमचं नाव ‘गटर’ ठेवायला हिंमत लागते राव. 2012 च्या ‘स्टँडिंग ॲट द स्काय्ज एज’मध्ये आवाज एकदम चढतो, गिटार भणभणायला लागतात. तेच नाव आणि हॉलीची गाणी घेऊन पार्क हिल या सरकारी वसाहतीतल्या तीन पिढ्यांवर म्युझिकल झालं. 2019 मध्ये ते शेफील्डमध्ये सुरू झालं आणि 2023 मध्ये त्याला सर्वोत्तम नव्या म्युझिकलचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला.

काटेकोर बोलायचं तर हे कॉन्सेप्ट अल्बम नाहीत, कारण पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकच गोष्ट चालत नाही. पण ओळीनं ऐकले की शहराचा नकाशा तयार होतो, आणि मला तरी तो गोष्टीपेक्षा जास्त पटतो. एकाच धाग्यातला अल्बम हवा असेल तर आर्केड फायरचा ‘द सबर्ब्ज’ (2010) ऐका. बटलर बंधू ह्यूस्टनच्या ज्या उपनगरात वाढले, तिथल्या आठवणींवर तो उभा आहे. 2011 मध्ये त्याला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्यावर वाढलेल्यांना तो परका वाटणार नाही.

शहर गाणं आपल्याला नवीन नाही. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली, अण्णा भाऊ साठेंनीही, आणि अण्णा भाऊंच्या लावणीत मलबार हिलबरोबर चाळही आली. अलीकडे डिव्हाइननं अंधेरीची गल्ली देशभर पोचवली. पण ही सगळी मुंबई. नाशिकचं काय? आपला ढोल लग्नापासून मिरवणुकीपर्यंत सगळीकडे वाजतो, पण त्याला शब्द नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, सिन्नरजवळच्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक शब्द घेऊन गावोगाव फिरले. त्यांना ऐकल्याशिवाय नाशिकवर गाणं लिहायला बसू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

आणि लिहायला काय कमी आहे? आपल्याकडे पूर मोजायला मीटर लागत नाही, दुतोंड्या मारुती आहे. पाणी कमरेला लागलं की छातीला, यावर सराफ बाजाराची झोप ठरते. हॉलीच्या गटरासारखी आपल्याकडेही जुनी नावं आहेत. अहिल्याबाई होळकर पुलाला जुनी माणसं अजून व्हिक्टोरिया पूलच म्हणतात. सातपूर-अंबडची नाइट शिफ्ट सुटतानाचा रस्ता आहे, नाशिकरोडला नोटा छापणारी प्रेस आहे. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या दारात सुरू झालेला सत्याग्रह आहे. शहराचा अल्बम करायचा आणि हे दार वगळायचं, हे चालणार नाही. नुसती वाइन आणि थंडी घेतली तर ते टुरिझमचं ब्रोशर होईल.

अडचण अशी की इथे गिटार हातात धरलेली पोरं बारावी किंवा डिग्री झाली की पुणे-मुंबई गाठतात. गिग तिकडे, स्टुडिओ तिकडे. मग गाणीही तिकडची होतात, ट्रॅफिकची आणि रूमच्या भाड्याची. इकडे जुने वाडे पडताहेत, आणि सिंहस्थ जवळ आला की रस्ते ओळखू येत नाहीत.

‘कोल्स कॉर्नर’च्या कव्हरवर हॉली हातात फुलं घेऊन उभा आहे. तो फोटो शेफील्डचा नाही, स्कारबरोच्या एका थिएटरबाहेरचा आहे. खरा कोपरा फोटोपुरताही उरला नव्हता. तेव्हा तुमच्या फोनमध्ये पुराच्या दिवशीचा गोदाघाटाचा आवाज असेल, तर स्टोरेज फुल झालं म्हणून डिलीट करू नका.