गहू न सोसणारी माता

धान्याच्या पेढीवर ज्याचा जन्म गेला, त्याला गव्हाची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. लोकवन, शरबती, बन्सी, खपली. दाणा तळहातावर घेतला की तो जात सांगतो. राजस्थान-गुजरातेतून येऊन महाराष्ट्रात स्थिरावलेल्या जैन कुटुंबांत सकाळचा खाखरा, दुपारचा फुलका, सणाची लापशी आणि प्रवासाच्या डब्यातील सुखडी हे सारे गव्हाचेच. अशाच एखाद्या घरात एखादी सून वर्षानुवर्षे थकलेली असते. लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचे हिमोग्लोबिन वाढत नाही. गर्भ राहतो पण टिकत नाही, किंवा बाळ दिवस भरण्याआधीच, कमी वजनाचे जन्मते. मग कोणी तिच्या खाण्यापिण्याला बोल लावतो, कोणी पत्रिका दाखवतो. तिच्या आतड्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

सेलियाक या आजारात गहू, जव आणि युरोपात पिकणारे राय यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरील मखमलीसारखे सूक्ष्म उंचवटे अन्नरस शोषून घेतात. तेच झिजून सपाट होतात. लोह, फोलिक आम्ल, कॅल्शियम पोटात जाऊनही अंगी लागत नाहीत. जुलाब किंवा पोटफुगी प्रत्येकाला होतेच असे नाही. कित्येक प्रौढ स्त्रियांत न हटणारा रक्तक्षय एवढेच लक्षण दिसते.

गव्हाचा हा दोष उघड केला तो विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला, तरी या आजाराची मुले सुधारली, आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. डिके यांचा आधीपासूनचा संशय त्यामुळे पक्का झाला व 1950 मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात तो मांडला.

मातेच्या आजाराचा बाळावर काय परिणाम होतो, याचे स्पष्ट उत्तर डेन्मार्कमधून आले. 1979 ते 2004 या काळातील सुमारे 15 लाख जन्मांच्या नोंदी तेथे तपासल्या गेल्या. ज्या मातांचे निदान प्रसूतीपर्यंत झालेच नव्हते, त्यांची बाळे सरासरी 98 ग्रॅमने हलकी होती. अकाली प्रसूतीचा धोकाही सुमारे एक तृतीयांशाने अधिक होता. निदान होऊन उपचार सुरू झालेल्या मातांची बाळे मात्र इतरांसारखीच होती. म्हणजे हानी होते ती अज्ञात राहिलेल्या आजाराने. आणि उपचार म्हणजे तरी काय? आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करणे. त्याला आजही दुसरे औषध नाही.

पित्याच्या आजारानेही बाळाचे वजन घटते, असे 2001 मधील एका स्वीडिश पाहणीने सुचवले होते. पुढे 2010 मध्ये डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात तसे आढळले नाही. तरीही पित्याची तपासणी निरर्थक नव्हे. हा आजार आनुवंशिकतेने घराण्यात उतरतो; रुग्णाच्या आईवडील, भावंडे व मुले यांच्यात साधारण दहातील एकाला तो असू शकतो.

हा केवळ गोऱ्या लोकांचा आजार, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील पाहणीत त्याचे प्रमाण शंभरात एक एवढे निघाले. भाताच्या दक्षिणेत ते पुष्कळच कमी, गव्हाच्या उत्तरेत अधिक. ज्यांचे मूळ गहू खाणाऱ्या प्रदेशात आहे, त्या कुटुंबांनी याची दखल घ्यावी. प्रथम रक्ताची टीटीजी तपासणी होते, नंतर बहुधा दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात. मात्र तपासणीपूर्वी आपल्याच मनाने गहू सोडू नये. सोडल्यास आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

निदानानंतरची खरी परीक्षा स्वयंपाकघराची. खपली गहू जुना व पचायला हलका म्हणून चालेल, असे पुष्कळांना वाटते. त्यातही ग्लुटेन आहेच. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरात फोडणीची सारी भिस्त हिंगावर, आणि बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवरील घटक वाचावेत, तांदळाच्या पिठाचा हिंग घ्यावा. बाजारच्या ग्लुटेनमुक्त पिठांत व पावांत बटाट्याचा स्टार्च, कधी अंडेही असते. ते जैन घराला कसे चालावे? त्यापेक्षा ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा, मूग ही आपली धान्ये उत्तम. फक्त ती गव्हाच्या चक्कीवर दळून आणली, तर सारी काळजी व्यर्थ. घरघंटी आणि रुग्णासाठी वेगळे पोळपाट-लाटणे असावे.

चैत्र आणि आश्विनातील नवपद ओळीचे काय, हा प्रश्न श्राविका हमखास विचारतात. वर्णानुसार आयंबिल करणाऱ्यांकडे दुसऱ्या दिवशी, सिद्धपदाच्या लाल वर्णासाठी, गहू असतो. परंतु नऊही दिवस एकाच धान्याचे, म्हणजे केवळ तांदळाचे आयंबिल करणारेही पुष्कळ आहेत. आजार सांगून गुरुमहाराजांकडून तसे पच्चक्खाण घेता येते.